शिबिरातला हरिपाठ

गेल्या मे महिन्यात आमच्या पक्षाच्या युवक-विद्यार्थ्यांचे सहा दिवसांचे एक अभ्यासशिबिर भरले होते. ते कोठे भरले आणि त्याचे चालक कोण होते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. जे घडले ते कोणत्याही जिल्ह्यात घडू शकले असते. पहिल्याच संध्याकाळी मराठवाड्यातून आलेल्या सहा विद्यार्थ्यांनी चालकांना विचारले की, सायंकाळचे व्याख्यान संपल्यावर, पंगत बसण्यापूर्वी अर्धा तास आम्ही हरिपाठ म्हटला तर चालेल काय? त्यांच्या गळ्यांत तुळशीच्या माळा होत्या आणि सामानात टाळांच्या दोन जोड्या होत्या. चालकांनी आपसांत विचारविनिमय केला आणि नकार दिला. नकार उद्धटपणाचा नव्हता. समाजवादी विचारांच्या शिबिरात कोणत्याही एका धर्माच्या उपासनेला स्थान देणे पक्षाच्या धर्मनिरपेक्ष भूमिकेशी विसंगत होईल, अशा शब्दांत त्यांनी तो समजावून सांगितला. मुलांनी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. ने ती सहाही मुले परत गेली.

या प्रसंगाविषयी साप्ताहिकाकडे काही पत्रे आली आहेत. बहुतेकांनी चालकांची बाजू घेतली आहे. एका जुन्या कार्यकर्त्याचे म्हणणे असे की, आज टाळ आत आले तर उद्या त्यांच्या पाठोपाठ झेंडे आत येतील. दुसऱ्या एकाने विचारले आहे की, उद्या कोणी नमाज पढण्यासाठी, परवा कोणी बुद्धवंदनेसाठी वेळ मागितला तर शिबिराला अभ्यासासाठी वेळ उरणार किती? फक्त एका कार्यकर्तीने वेगळा प्रश्न उपस्थित केला आहे. ती विचारते, ही मुले इतक्या लांबून, पदरचे भाडे खर्चून आमच्या शिबिराला कशासाठी आली होती, हे त्यांना कोणी विचारले काय?

आमच्या मते तो नकार चुकीचा होता. ही चूक त्या दोन-तीन चालकांचीच असती तर तिच्यासाठी अग्रलेखाची जागा खर्ची घालण्याचे कारण नव्हते. परंतु ती आपल्या सर्वांची, आणि फार जुनी, चूक आहे. हे लिहिणारा स्वतः देवपूजा करीत नाही आणि साठी ओलांडल्यामुळे करू लागेल असेही दिसत नाही. तेव्हा पुढील विवेचनामागे भाविकपणा आहे, असा संशय वाचकांनी धरू नये.

प्रथम त्या विद्यार्थ्याची परिस्थिती पाहू. पुण्याच्या सदाशिव पेठेत किंवा नवी पेठेत भल्या सकाळी फेरी मारली तर अभ्यासिकांच्या दारांशी पाठीवर दप्तर घेतलेली मुले-मुली दिसतात. गावाकडची जमीन गहाण पडली आहे किंवा विकली गेली आहे. खोलीत तिघे-चौघे राहतात. मेसचा डबा दोघांत एक घेतला जातो. आधी तलाठी, मग फौजदार, मग नायब तहसीलदार, अशा एकामागून एक परीक्षांच्या जाहिराती निघतात, पुढे ढकलल्या जातात, न्यायालयात अडकतात, आणि विशीतला मुलगा तिशी गाठतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये लोकसभेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१४-१५ ते २०२१-२२ या आठ वर्षांत केंद्रीय नोकऱ्यांसाठी २२ कोटी ५ लाख अर्ज आले आणि ७ लाख २२ हजार उमेदवारांची शिफारस झाली. एकच उमेदवार अनेक अर्ज करतो हे धरूनही, हजार अर्जांमागे सव्वातीन, हे प्रमाण काय सांगते ते उघड आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ च्या भारतविषयक अहवालानुसार २०२२ मध्ये पदवीधर तरुणांतील बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत ते ३.४ टक्के होते. याचा अर्थ निरक्षराला बरे काम मिळते असा नव्हे. निरक्षराला बेकार राहणे परवडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पदवीधर थांबून राहतो, कारण त्याच्या पदवीसाठी घरादाराने जे गमावले त्याची भरपाई मिळेल त्या कामातून होणार नसते.

ही रांग कोणी निर्माण केली, हे या साप्ताहिकाच्या वाचकांना नव्याने सांगावयास नको. १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदानित तंत्रशिक्षणाचे दरवाजे उघडले, तेव्हापासून शिक्षण ही कुटुंबाची गुंतवणूक झाली आणि विद्यार्थी हा त्या गुंतवणुकीवरील परतावा झाला. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानंतर महाविद्यालयांतील थेट निवडणुका संपल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा घेण्याची तरतूद केली, पण त्या वर्षानुवर्षे पुढे ढकलल्या गेल्या. ज्या वयात माणूस चार जणांत उभा राहून बोलायला, हरायला आणि पुन्हा उभा राहायला शिकतो, त्या वयातील सार्वजनिक जीवनाची जागाच आपण बंद केली. १४ मार्च २०२१ ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलण्यात आली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी मोठ्या संख्येने शास्त्री रस्त्यावर उतरले. त्यांची मागणी न्याय्य होती आणि तिला यशही आले. मूळ तारखेनंतर आठवड्याने परीक्षा झाली. पण त्या मागणीत तारखेपलीकडे काही नव्हते. पुढच्या तारखेसाठी मुले पुन्हा अभ्यासिकेत परतली.

त्या परिसरातला एक विद्यार्थी अधूनमधून माझ्याकडे येत असे. परीक्षांच्या वाऱ्या करण्यात त्याची पाच वर्षे गेली होती. अर्थशास्त्राच्या शंका विचारण्याचे निमित्त असे, पण पुष्कळदा तो नुसताच बसून राही. एकदा तो म्हणाला, "सर, अधिकारी झाल्यावर काय कराल, असं मुलाखतीत हमखास विचारतात. त्याचं उत्तर माझं पाठ आहे. पण खरं उत्तर काय, ते मला सांगता येत नाही." मी त्याला विचारले, हा प्रश्न तुला नेहमी सतावतो काय? त्यावर तो थोडा संकोचून म्हणाला, "आषाढीला आळंदीहून पंढरपूरपर्यंत चाललो, तेव्हा नाही सतावला."

या उत्तराची थट्टा करणे सोपे आहे. वारीत चालून कोणाला नोकरी मिळत नाही, हे त्या मुलालाही ठाऊक होते. पण त्या जवळजवळ तीन आठवड्यांत त्याला काय मिळाले, याचा विचार आम्ही करावयास हवा. दिंडीत प्रत्येकाला काही काम असते. वीणा कोणी घ्यायची हे ठरलेले, तुळस कोणाच्या डोईवर हे ठरलेले, पाण्याचा टँकर कोणी गाठायचा, तंबू कोणी ठोकायचे हे ठरलेले. तेथे कोणी कोणाला गुण विचारीत नाही. सत्तर वर्षांची म्हातारी चालते म्हणून विशीतला मुलगा चालतो. आज कोठे पोहोचायचे आणि शेवटी कोठे पोहोचायचे, ही दोन्ही उत्तरे त्याच्याजवळ असतात. आमच्या विद्यार्थ्याजवळ यांतले एकही उत्तर बाकीचे अकरा महिने नसते.

मी तीस वर्षांहून अधिक काळ अर्थशास्त्र शिकवले. मागणीच्या सिद्धान्ताची सुरुवात आम्ही एका गृहीतापासून करतो: ग्राहकाच्या आवडी दिलेल्या आहेत. त्या कोठून आल्या, त्या असाव्यात की नसाव्यात, हा आमचा विषय नव्हे, असे पहिल्याच तासाला सांगून आम्ही मोकळे होतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत आपण समाजवाद्यांनी नेमके हेच केले. त्याला वसतिगृह हवे, शिष्यवृत्ती हवी, नोकरी हवी, हे दिलेले मानून आपण मोर्चे काढले. ते काढायलाच हवे होते आणि यापुढेही काढायला हवेत. पण नोकरी मिळाल्यावर तिचे काय करायचे, आणि नाही मिळाली तर कशाच्या बळावर जगायचे, हे त्याचे त्याने पाहावे, असे आपण गृहीत धरले. दारिद्र्य हटले की देवाची गरज आपोआप सरेल, अशीही आपली एक समजूत होती. धर्माला अफू म्हणणाऱ्या मार्क्सने त्याच परिच्छेदात धर्म ही खऱ्या दुःखाची अभिव्यक्ती आणि त्या दुःखाविरुद्धची तक्रार आहे, अशा आशयाचे लिहिले आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी त्यातला अफूचा भाग लक्षात ठेवला आणि तक्रारीचा भाग विसरून गेलो.

हा प्रश्न आपल्याच घरात, आणि तोही पुण्यातच, एकदा स्पष्टपणे विचारला गेला होता. १९५२ च्या जून-जुलैमध्ये जयप्रकाश नारायण यांनी पुण्यात एकवीस दिवसांचे आत्मशुद्धीचे उपोषण केले. त्यानंतर त्यांनी एक छोटा लेख लिहिला. माणसाने चांगले का वागावे, हा त्या लेखाचा विषय होता. पूर्वीच्या समाजात देवाचे भय होते, परलोकाची आशा होती. त्या श्रद्धा ढासळल्यानंतर, माणूस म्हणजे केवळ जड द्रव्याचा एक प्रकार असे मानणाऱ्या तत्त्वज्ञानाजवळ चांगुलपणाला प्रवृत्त करणारे असे काय आहे? आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या भौतिकवादावर त्यांनी निष्ठा ठेवली, त्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. दोन वर्षांनी, १९५४ मध्ये, बोधगयेच्या संमेलनात त्यांनी भूदानासाठी जीवनदान जाहीर केले आणि ते पक्षीय राजकारणातून बाजूला झाले.

जयप्रकाशांच्या उत्तराशी सहमत होणे तेव्हा अनेकांना शक्य नव्हते, आजही नाही. भौतिकवादी माणूस चांगला असू शकत नाही, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. गोपाळ गणेश आगरकरांना परलोकाच्या आशेची गरज पडली नाही. १८९५ साली, वयाच्या चाळिशीच्या आत, दारिद्र्यात आणि दम्याच्या विकारात ते गेले, पण त्यांनी आपल्या कामाचा हेतू कधी सोडला नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांची गोष्ट याच्या उलट आहे. ते निष्ठावंत ईश्वरवादी. पदवीनंतर सरकारी नोकरीची वाट त्यांनाही मोकळी होती. ती सोडून ते प्रार्थना समाजाकडे वळले, १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला तौलनिक धर्माचा अभ्यास करून परतले, आणि १९०६ मध्ये त्यांनी मुंबईत अस्पृश्यांसाठी मिशन उभारले. एकाला देवावाचून हेतू सापडला, दुसऱ्याला देवातून सापडला. तेव्हा जयप्रकाशांचे उत्तर एकांगी होते, हे मान्य करू. आपली चूक अशी की, उत्तर पटले नाही म्हणून आपण प्रश्नही फाईलबंद केला.

समाजवादी परंपरेला श्रद्धेचे असे वावडे पहिल्यापासून नव्हते. १९३४ साली पाटण्याला समाजवाद्यांची जी पहिली परिषद भरली तिचे अध्यक्ष आचार्य नरेंद्र देव मार्क्सवादी होते आणि बौद्ध दर्शनाचे थोर अभ्यासकही. राममनोहर लोहियांनी राम, कृष्ण आणि शिव यांच्यावर जे लिहिले ते नास्तिकाने लिहिले होते, पण या देशाच्या मनात ही तीन नावे काय काम करतात, हे ओळखून लिहिले होते. आणि साने गुरुजी? अमळनेरला ते तत्त्वज्ञान मंदिरात शिकण्यासाठी आले आणि पुढे तेथल्या शाळेत शिक्षक व वसतिगृहाचे प्रमुख झाले. तेथे ते मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे दैनिक हाताने लिहून काढीत. कोणत्याही वसतिगृहप्रमुखाने हे ऐकून आज लाजावे. (वसतिगृहात आता पत्रक लागते ते बहुधा थकबाकीचे.)

त्याच गुरुजींनी १ मे १९४७ पासून दहा दिवस पंढरपुरात उपोषण केले. विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्यांना प्रवेश मिळावा, ही त्यांची मागणी होती. त्याआधी सेवादलाच्या कलापथकाला घेऊन ते महाराष्ट्रभर हिंडले होते. देव आहे की नाही, हा त्या दौऱ्याचा किंवा त्या दहा दिवसांचा विषय नव्हता. दार कोणासाठी बंद आहे आणि का, हा विषय होता. चोखामेळ्याची समाधी त्या मंदिराच्या महाद्वाराबाहेर आहे. जिवंतपणी त्याला आत घेतले गेले नाही, आणि त्याच्यानंतर सहाशे वर्षांनी दार उघडण्यासाठी एका शाळामास्तराला अन्न सोडावे लागले. सेवादलाच्या ज्या मुलांनी त्या उन्हाळ्यात गावोगाव हा प्रश्न नेला, त्यांत माळकरी घरांतलीही असतीलच. त्यांना कोणी माळ काढून मग या असे म्हटले असते तर कलापथकाचा फेरा कोठवर गेला असता?

याचा अर्थ श्रद्धेपुढे विवेकाने गप्प बसावे, असा कोणी करू नये. वारीत सगळे समान, हे वाक्य भाषणात चांगले लागते. इरावती कर्वे स्वतः दिंडीबरोबर चालल्या, तेव्हा त्यांना दिसले की एकाच दिंडीत एकच नाव घेत चालणाऱ्या ब्राह्मण स्त्रिया आणि मराठा स्त्रिया मुक्कामावर वेगवेगळ्या जेवतात. त्यांनी ते तसेच लिहून ठेवले, आणि तरीही त्या चालत राहिल्या. या दोन्ही गोष्टी आपल्याला एकदम करता आल्या पाहिजेत. हरिपाठ म्हणणाऱ्या त्या सहा मुलांना शिबिरात राहू दिले असते, तर हरिपाठ संपल्यावर ती सर्वांबरोबर एका पंगतीला बसली असती, सर्वांच्या ताटांत वाढले असते आणि आपल्या पाळीच्या दिवशी सर्वांची ताटे घासली असती. एखाद्या रात्री त्यांना चोखामेळ्याचे अभंग वाचायला देऊन, हे अभंग लिहिणारा बाहेर का राहिला, असा विषय चर्चेला ठेवता आला असता. तो प्रश्न त्यांच्याच परंपरेच्या पोटातला आहे. आपण बाहेरून आणलेला नाही. जातीविरुद्धचे एक चांगले बौद्धिक आपण आपल्या हाताने एस. टी. त बसवून परत पाठवले.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ही रेषा आपल्यापेक्षा नीट ओळखली होती. देवाधर्माला आपला विरोध नाही, देवाधर्माच्या नावाने होणाऱ्या शोषणाला आहे, असे ते व्याख्यानामागून व्याख्यान सांगत राहिले. २००० साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रियांना जाऊ द्यावे म्हणून सत्याग्रह झाला. त्यात भाग घेणाऱ्यांपैकी कित्येक स्वतः देव मानीत नव्हते. ज्या हक्काचा स्वतःला काही उपयोग नाही त्या हक्कासाठी ते अटक करून घेत होते. २०१६ मध्ये तो चौथरा स्त्रियांना खुला झाला. दाभोलकरांनी महाविद्यालयांमागून महाविद्यालये पालथी घातली ती मुलांचे देव हिरावून घेण्यासाठी नव्हे, त्यांना तपासायला शिकवण्यासाठी. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात त्यांचा खून झाला. १० मे २०२४ रोजी न्यायालयाने गोळ्या झाडल्याबद्दल दोघांना जन्मठेपेची शिक्षा दिली. अन्य तिघे पुराव्याअभावी सुटले. शिक्षा झालेले दोघे खुनाच्या वेळी तरुण होते. त्यांच्याजवळ हेतूची उणीव नव्हती. तो त्यांच्या हाती कोणी ठेवला, याचे पुरे उत्तर त्या निकालातून मिळाले नाही.

टाळांपाठोपाठ झेंडे येतील, असे लिहिणाऱ्या कार्यकर्त्याची भीती आम्हाला कळते ती येथे. ती भीती अनाठायी नाही. परंतु झेंडेवाले मुलाला कोठे गाठतात, हे त्याने जवळ जाऊन पाहावे. हरिपाठात नव्हे. निकालाच्या दिवशी, खोलीवर, एकटा असताना गाठतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे. प्रत्येक मृत्यूचे कारण वेगळे असेल. पण एवढ्या मुलांना ज्या एकटेपणाने गाठले, त्याच एकटेपणात दुसऱ्या काहींना कोणी येऊन सांगतो की, संध्याकाळी सहा वाजता मैदानावर ये, तुला काम आहे. त्याला एक सदरा मिळतो, नावाने हाक मारणारे दहा जण मिळतात, आणि पुढे एक शत्रू मिळतो. त्याच मुलाला आपण काय देतो? अंदाजपत्रकावरील एक पुस्तिका आणि पुढल्या महिन्यातील व्याख्यानाचे निमंत्रण.

गणपतीच्या आधीचे दोन महिने पुण्यात मुठेच्या काठी ढोलपथकांचा सराव चालतो. त्यात महाविद्यालयीन मुला-मुलींचाच भरणा असतो. माझ्या कानांना त्याचा भयंकर त्रास होतो आणि त्याविषयी मी तक्रारही केलेली आहे. पण रोज ठरल्या वेळी येणे, महिनोन् महिने बिनपगारी घाम गाळणे, कोणाचा हात चुकला तर सर्वांनी थांबणे, ही शिस्त पाहून मनात येते की ही मुले आळशी, स्वार्थी, ध्येयशून्य आहेत हे आपले नेहमीचे रडगाणे खोटे आहे. त्यांच्याजवळ द्यायला पुष्कळ आहे. मागणारा आपण नाही, दुसरा कोणी आहे.

एके काळी मागणारे आपण होतो. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्यांच्या मजुरीच्या नोंदी तपासायला विद्यार्थी गेले. 'एक गाव, एक पाणवठा' घेऊन ते डॉ. बाबा आढावांबरोबर गावोगाव हिंडले. १ जानेवारी १९७५ रोजी जयप्रकाशांनी छात्र-युवा संघर्ष वाहिनी स्थापन केली. ज्या बोधगयेत त्यांनी जीवनदान जाहीर केले होते, तेथल्याच शैव मठाच्या हजारो एकर जमिनीवर १९७८ पासून वाहिनीच्या तरुण-तरुणींनी भूमिहीन दलितांबरोबर लढा दिला, आणि पुढे जमिनीचे पट्टे स्त्रियांच्या नावेही झाले. मठातल्या देवाशी त्यांचे भांडण नव्हते, मठाच्या सातबाऱ्याशी होते. चांगुलपणाला प्रेरणा कोठून मिळते, या १९५२ च्या प्रश्नाचे उत्तर जयप्रकाशांच्या लेखात नसेल, पण त्या गावांतील एखाद्या मुलीने ते दिले असते. मजूर बाईच्या शेजारी बसून तिचे नाव पट्ट्यावर चढेपर्यंत न उठणे, हे तिचे काम होते. मोठ्या ध्येयाची व्याख्या तिला पाठ असेल नसेल.

मुस्लिम विद्यार्थ्यांविषयी दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण पत्रलेखकाने नमाजाचा उल्लेख केला आहे. हमीद दलवाई हे याच चळवळीच्या मुशीतून घडले. १९७० मध्ये त्यांनी मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले आणि स्वतःच्या समाजाला जे प्रश्न विचारले ते आजही विचारले पाहिजेत. पण आज शहरात भाड्याने खोली मागायला गेल्यावर ज्याला आधी नाव विचारले जाते, त्या मुलाची श्रद्धा हा त्याचा अखेरचा आसराही असतो. त्याने ती शिबिराच्या दाराशी ठेवून यावे आणि बहुसंख्य समाजातल्या मुलाने मात्र संस्कृती म्हणून आपली आत न्यावी, हे चालणार नाही. शिबिरात गणपतीची आरती 'परंपरा' म्हणून खपून गेल्याची उदाहरणे आम्हाला ठाऊक आहेत. हरिपाठाला नकार देणाऱ्या चालकांनी तेवढी तरी एकवाक्यता दाखवली, हे त्यांच्या बाजूने नमूद करतो.

तेव्हा युवक समितीपुढे आमची सूचना अशी. यापुढील प्रत्येक शिबिरात सायंकाळचे व्याख्यान आणि भोजन यांच्यामध्ये पाऊण तास मोकळा ठेवावा. त्या वेळात ज्याला हरिपाठ म्हणायचा त्याने म्हणावा, ज्याला नमाज पढायचा त्याने पढावा, ज्याला बुद्धवंदना करायची त्याने करावी, आणि ज्याला काहीच करायचे नाही त्याने नदीवर जावे. ध्वनिवर्धक कोणालाही मिळणार नाही. कोणाला बोलावू नये, कोणाला अडवू नये. पक्षाच्या नावाने उपासना होणार नाही आणि पक्षाचा नेता तेथे छायाचित्रासाठी बसणार नाही. श्रद्धेचे आमिष दाखवून सभासद गोळा करण्याचा धंदा करणारे दुसरे पुष्कळ आहेत. पंगत, स्वयंपाक, पाणी आणि संडासाची सफाई यांत मात्र कोणालाही कोणत्याही कारणाने सवलत मिळू नये. आणि सहा दिवसांपैकी तीन दिवस व्याख्याने बंद ठेवून मुलांना आसपासच्या गावांत पाठवावे. रोजगार हमीची मजुरी किती दिवसांनी मिळते, शाळेत शिक्षक किती आणि पदे रिकामी किती, आश्रमशाळेतल्या मुलींना पाणी कोठून येते, हे त्यांनी लिहून आणावे, आणि जे लिहून आणले त्याचा पाठपुरावा पुढे वर्षभर त्यांनीच करावा. परीक्षेच्या रांगेत असलेल्या मुलांनाही हे जमण्यासारखे आहे. आठवड्यातून एक रविवार रांग सोडल्याने ती पुढे सरकत नाही तशी मागेही जात नाही.

या धोरणाला चालकांपैकी एकाचा अजूनही विरोध आहे. त्यांचा लेख पुढील अंकात येईल. दुसऱ्या एका चालकाने त्या सहा मुलांना पत्र लिहून झाल्या गोष्टीबद्दल दिलगिरी कळवली आणि दिवाळीच्या सुट्टीतील शिबिराचे निमंत्रण दिले. चौघांकडून उत्तर आलेले नाही. एकाने तलाठ्याची परीक्षा त्याच आठवड्यात असल्याचे कळवले आहे. सहाव्याने येतो म्हटले आहे. त्याने एवढेच विचारले आहे की, त्याची स्वयंपाकघरातली पाळी हरिपाठाच्या वेळी आली, तर ती कोणाबरोबर बदलून घेता येईल काय?